ल्युपिनचं बी आणि अब्बांचा ताग

बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगरावर वसलेलं. विदर्भात आमच्या गावाला थंड हवेचं म्हणतात, म्हणूनच मी फसलो. एका ऑक्टोबरात अंगणात लावायला ल्युपिनचं बी आणलं.

हे फूल थंड मुलखातलं. डेव्हिड डग्लस यांनी १८२६ मध्ये त्याची एक जात उत्तर अमेरिकेतून इंग्लंडला पोचवली. पुढे यॉर्कचे माळी जॉर्ज रसेल १९११ पासून भाड्याच्या तुकड्यावर तिच्यामागे लागले. हलकी रोपं उपटायची, चांगल्याचंच बी धरायचं. त्यांचे रंगीत तुरे लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले ते १९३७ मध्ये. सव्वीस वर्षं! आम्ही कवी एका गझलेला आठवड्यात कंटाळतो.

बियाचं कवच टणक. पॉलिश पेपरवर जरा घासलं, रात्रभर भिजवलं, फुगलेलं तेवढं पेरलं. मूळ सरळ खोल जातं, रोप उपटून लावलेलं सोसत नाही, म्हणून जागेवरच टोचलं. उगवलं झकास. पण महिन्याभरात पानं पिवळी पडली. दोष थंडीचा नव्हता. आमच्या काळ्या मातीत चुनखडी, आणि ल्युपिनला तीच सोसत नाही.

अब्बा असते तर हसले असते. याच शेंगांच्या कुळातला ताग त्यांच्या रानात असायचा. सात-आठ आठवड्यांत पिवळा फुलला, की उभा नांगराखाली गाडायचा. रोमन शेतकरी ल्युपिन असंच गाडत. कोलुमेलानं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते लिहून ठेवलं आहे. यानं जमीन का सुधारते, हे मात्र हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानं १८८६ मध्ये उलगडलं : मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. मुंबईत देशबंधू गुप्तांनी १९६८ मध्ये औषध कंपनीला ल्युपिन हे नाव दिलं, तेही मातीला पोसणारं झाड म्हणूनच.

अब्बांचा ताग मात्र मीच बंद करवला. सोयाबीन आलं होतं, बहिणीचं लग्न ठरलं होतं. गाडायच्या पिकाला बाजारात भाव नसतो, असा हिशेब बी.ए. झालेल्या मुलानं वहीत मांडून दाखवला. अब्बा वाचू शकत नव्हते. वही उलटी-सुलटी करून परत दिली आणि म्हणाले, "बरं."

तेच रान आता दरवर्षी जास्त खत मागतं. चुलतभाऊ वाहतो. यंदा त्याला एका एकरात ताग पेरायला राजी केलंय. त्या एकराचं सोयाबीन बुडेल, त्याचे पैसे मी द्यायचे ठरलेत.