भरवशाची गाडी म्हणजे कोणती?

प्रीमियर पद्मिनीबद्दल मुंबईतल्या दोन जुन्या मालकांना विचारावे, तर एक म्हणतो, ‘तिच्यासारखी भरवशाची गाडी झाली नाही,’ आणि दुसरा म्हणतो, ‘हॉर्न सोडून सगळे वाजायचे.’ गाडी एकच, कुर्ल्याच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडलेली. तरी साक्षी परस्परविरोधी. माझे म्हणणे असे, की बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. ‘भरवसा’ या शब्दाने दोघे दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात, आणि त्या मोजमापाला स्वतःचा इतिहास आहे.

त्या इतिहासाची सुरुवात बंद बाजारपेठेपासून करावी लागते. जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ साली मोटारींची जुळणी सुरू केली होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर धोरण ठरले, की सुटे भाग हळूहळू इथेच बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यानेच या धंद्यात राहावे. परदेशी जुळणीदार निघून गेले. कुटुंबाच्या मोटारीसाठी उरल्या मुख्यतः तीन कंपन्या: वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर, उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड. १९५९ साली मोटारींच्या वाटप-विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश निघाला. पैसे भरायचे आणि नंबर लागायची वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा रिवाज झाला. मिळालेल्या गाडीत खोट निघाली तर दुसरीकडे जाण्याची सोय जवळजवळ नव्हती. ग्राहक संरक्षण कायदा यायला १९८६ साल उजाडले. पण ओरड होत नव्हती असे नाही. तक्रारी इतक्या वाढल्या, की १९६७ साली केंद्र सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करणारी समिती नेमावी लागली.

मग ‘भरवशाची’ म्हणणारा मालक कुठून आला? या बंदिस्तपणाचीच दुसरी बाजू अशी, की मॉडेल बदलत नव्हते. मूळच्या फियाट ११०० ची पद्मिनी झाली आणि तीच रचना शतक संपेपर्यंत चालली. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अ‍ॅम्बेसेडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली. परिणामी गावोगावच्या गॅरेजवाल्याला या गाड्या हाताच्या रेषांसारख्या पाठ होत्या. गाडी बंद पडायची, पण अडकून पडायची नाही. पॉइंट घासले, प्लग पुसला, कार्बोरेटरचा जेट फुंकला, फाटलेला पट्टा बदलला, की निघाली. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि पुरवठा तुटायचा. पंपावर ओले फडके टाकून थोडे थांबायचे. रेडिएटर उकळला तर पाण्याचा डबा सोबत असेच. या मालकाच्या लेखी भरवसा म्हणजे दुरुस्तीची खात्री.

पण तेवढ्याने दोन साक्षींमधले अंतर भरून निघत नाही. वापरातला फरकही पाहावा लागतो. टॅक्सी रोज दिवसभर धावते. तिची बॅटरी भरलेली राहते, पेट्रोल ताजे असते, ब्रेक मोकळे राहतात आणि चालक बारीक आवाजही ओळखतो. उलट घरची गाडी अनेकदा रविवारी निघे. आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते, कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून चिकटा राहतो, पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल धरते आणि ठिणगी पडत नाही. म्हणजे जी गाडी टॅक्सीवाल्याला राबणारी वाटली, तीच घरमालकाला सोमवारी सकाळी दगा देई. हे फक्त आपल्याकडचे नाही. जर्मनीतील एडीएसी ही मोटारचालकांची संघटना १९७८ पासून रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची मॉडेलवार आकडेवारी देते. तिथेही गाडी अडण्याचे सर्वांत मोठे कारण बॅटरी हेच असते, आणि बॅटरीचे आयुष्य वापरावर बरेच अवलंबून असते.

तिसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: साक्ष कोणाची? जुन्या गाड्यांच्या आठवणी लिहिल्या त्या बहुधा चाक हाती असलेल्या पुरुषांनी. घाटात बंद पडलेली गाडी त्यांच्या आठवणीत पराक्रम होऊन बसते: बाह्या सरसावल्या, बॉनेट उघडले, अर्ध्या तासात चालू केली. त्याच गाडीत मागे लहान मूल मांडीवर घेऊन, अंधार पडायच्या आत पोचतो की नाही हे मोजत बसलेल्या बाईला विचारले, तर प्रवास वेगळाच निघतो. धक्का मारायला उतरलेल्या मुलांचा तिसरा. मी घरोघरी हे ऐकतो तेव्हा एकाच गाडीच्या एकाच बिघाडाच्या दोन हकिकती एकाच दिवाणखान्यात मिळतात. बंद पडण्याची किंमत सगळ्यांनी सारखी मोजलेली नसते. वाट पाहून मिळालेल्या वस्तूचा अभिमानही मालकाच्या साक्षीत मिसळलेला असतो. इतकी वर्षे थांबून घेतलेली गाडी वाईट निघाली, हे कबूल करणे जड जाते.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि मोजमापच बदलले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, सुरुवातीला बहुतेक भाग जपानहून आलेले. जुन्या मालकांनी तिला नाके मुरडली. पत्रा पातळ, अंग हलके. ‘हा डबा टिकणार किती?’ त्यांच्या लेखी भरवसा वजनात होता. नव्या मालकाला मात्र सकाळी पहिल्या किल्लीला सुरू होणारी गाडी मिळाली. त्यामुळे ड्रायव्हर आणि ओळखीचा मेकॅनिक यांच्यावाचून मोटार बाळगता येऊ लागली. एकट्याने, विशेषतः एकटीने, गाडी घेऊन दूर जाणे सोपे झाले. भरवशाचा अर्थ आता ‘दुरुस्त होते’ असा राहिला नाही, ‘बिघडत नाही’ असा झाला.

या बदलाची किंमतही होती. शतक सरता सरता प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर जाऊन इंधनाचे इंजेक्शन आले आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बसले. गाडी क्वचित बिघडू लागली. पण बिघडली की रस्त्यावर काही करता येईना. नाक्यावरच्या मिस्त्रीच्या कानाची जागा संगणकाने घेतली. म्हणून आजही एक मालक म्हणतो, ‘दहा वर्षांत हात लावला नाही,’ आणि त्याच मॉडेलचा दुसरा म्हणतो, ‘एका सेन्सरसाठी आठवडाभर गाडी उभी.’ एकाने बिघाडांची संख्या मोजली, दुसऱ्याने एका बिघाडाचे ओझे.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. तिच्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि हळहळीचा पूर आला. ती हळहळ खरी होती, पण पुरावा म्हणून ती सावधपणे वापरायला हवी. वीस वर्षे टिकल्या त्या गाड्यांचेच फोटो निघाले. पाचव्या वर्षी भंगारात गेलेल्यांचे कोणी काढत नाही. जुन्या मोटारींच्या मेळाव्यात उभ्या असतात त्याही निवडून उरलेल्या. इतिहास लिहिणाऱ्याने म्हणून ‘गाडी चांगली होती का?’ एवढे विचारून थांबू नये. ती रोज चालत होती की रविवारी, दुरुस्ती कोण करत होते, पैसे कोण भरत होते आणि ती बंद पडल्यावर रस्त्याच्या कडेला ताटकळत कोण उभे होते, हेही विचारावे. ही उत्तरे मिळाली, की एकमेकांना खोडून काढणाऱ्या दोन साक्षी शेजारी शेजारी ठेवता येतात आणि त्यांतून गाडीपेक्षा त्या घराबद्दल अधिक कळते.