बोल्ट ॲक्शन रायफल : कोणत्या नेमबाजीसाठी कोणती?

१ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकलं. त्याच्या हातात होती ५० मीटर प्रकारातली पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिमीची रायफल. अभिनव बिंद्राने २००८मध्ये सुवर्ण जिंकलं ते १० मीटर एअर रायफलमध्ये. अनेकजण दोन्ही एकच समजतात. पण एअर रायफल हवेच्या दाबावर छर्रा सोडते, तर पॉइंट टू टूमध्ये बारूद भरलेलं काडतूस लागतं.

बोल्ट म्हणजे काय? हाताने मागेपुढे करायची खिट्टी. ती मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं काडतूस नळीत घट्ट बसतं. गोळी सुटताना बोल्ट जागचा हलत नाही. अचूकतेसाठी याच यंत्रणेला पसंती मिळण्याचं हे मोठं कारण.

मग निवड कशावरून करायची?

थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून प्रत्येकी २० गोळ्या झाडायच्या असतात. ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ असतं जेमतेम १०.४ मिमीचं. म्हणून इथली रायफल जड असते आणि तिचे बरेचसे भाग, म्हणजे गाल टेकवायचा भाग, खांद्याला लावायची बटप्लेट वगैरे, पुढेमागे सरकवता येतात. फक्त प्रोन म्हणजे पालथं झोपून खेळणाऱ्याला एवढे बदल करावे लागत नाहीत. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला याच प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं. पुरुषांचा प्रोन प्रकार मात्र रिओ २०१६नंतर ऑलिम्पिकमधून गेला, तेव्हा आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने थ्री पोझिशनचाच विचार केलेला बरा.

बायथलॉनचं गणित उलटं. बर्फावर स्कीइंग करताना रायफल पाठीवर असते, त्यामुळे ती हलकी हवी, पण किमान ३.५ किलोची. इथे वेळ महत्त्वाचा. म्हणून बोल्ट वर उचलावा लागत नाही, बोटाने सरळ मागे ओढला की झालं.

३०० मीटरसाठी पॉइंट टू टू पुरत नाही. तिथे मोठ्या काडतुसाची रायफल आणि तेवढी मोठी रेंज लागते.

महागड्या रायफलपेक्षा दुर्लक्षित राहते ती गोळी. एकाच कंपनीच्या दोन लॉटमधली काडतुसं एकाच नळीतून वेगवेगळी बसतात. त्यामुळे मोठे खेळाडू आपल्या नळीला जुळणारा लॉट तपासूनच विकत घेतात.

आणि कायदा? ठरावीक ताकदीच्या आतल्या ४.५ मिमी एअर रायफलला भारतात शस्त्रपरवाना लागत नाही, पॉइंट टू टूला लागतो. म्हणून पालकांनी मुलांना आधी क्लबच्या एअर रायफलवर शिकू द्यावं. स्वतःच्या पॉइंट टू टूचा खर्च आणि कागदपत्रं नंतर.