रिबीट उडवल्यावर

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: तेव्हाच्या गाड्या दुरुस्त करण्यासाठी बनत, आताच्या फेकण्यासाठी. वाक्य ऐकायला गोड आहे आणि बरंचसं चुकीचंही आहे. ते तपासायचं तर शेव्हरले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या पुढच्या चाकामागे डोकवावं. १९६३ ते १९८२ या काळातल्या कॉर्व्हेटच्या पुढच्या सस्पेन्शनचे बॉल जॉइंट कारखान्यातून बाहेर पडले ते बोल्टने कसलेले नव्हते, आर्मला रिबिटांनी ठोकलेले होते. बोल्ट सुटावा म्हणून असतो, रिबीट सुटू नये म्हणून. ज्या गाडीकडे आज दुरुस्तीच्या सुवर्णकाळाचा नमुना म्हणून पाहिलं जातं, तिच्या या झिजणाऱ्या सांध्याला कारखान्याने सहज सोडवण्याची सोयच ठेवली नव्हती. तरीही हे जॉइंट इतकी वर्षं निमूटपणे बदलले जात आहेत. दुरुस्ती वस्तूच्या पोटात नसते. तिच्याभोवती सुट्या भागांचा, हत्यारांचा आणि सरावलेल्या हातांचा जो धंदा उभा राहतो त्यात ती असते, असं मला या रिबिटांवरून वाटतं.

बॉल जॉइंटच्या आधी किंगपिनचा जमाना होता. चाक डावी-उजवीकडे वळतं ते एका उभ्या जाड खिळीभोवती, आणि वर-खाली होतं ते वेगळ्या सांध्यांवर. पिन झिजली की जुने बुश ठोकून काढायचे, नवे दाबून बसवायचे आणि रीमर फिरवून पिनच्या मापाला आणायचे. मुंबईकरांना हे परकं नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनी गाडीला किंगपिनच होती, आणि टॅक्सीवाल्यांना ग्रीसिंग चुकवून चालत नसे. बॉल जॉइंटने ही दोन्ही कामं एका गोळ्यावर आणली. वाटीत बसलेला पोलादी गोळा वळतोही आणि कलतोही. अमेरिकेत पुढच्या सस्पेन्शनला तो पहिल्यांदा आला १९५२च्या लिंकनमध्ये, १९५४ साली फोर्डमध्ये, १९५५ साली शेव्हरलेच्या सेडानमध्ये. कॉर्व्हेट मात्र १९५३ पासून १९६२ पर्यंत किंगपिनवरच धावली. पोरंबाळं घेऊन बाजारहाट करणाऱ्या सेडानला नवा सांधा आधी मिळाला, आणि शर्यतीचा तोरा मिरवणारी गाडी सात-आठ वर्षं मागे राहिली.

याचं कारण हिशेबाचं होतं. पहिल्या वर्षी फ्लिंटमध्ये कॉर्व्हेट बनल्या जेमतेम ३००. इतक्या थोड्या गाड्यांसाठी पुढचं सस्पेन्शन नव्याने घडवणं परवडणारं नव्हतं, म्हणून १९४९ ते १९५४ च्या शेव्हरलेचं तयार सस्पेन्शन उचललं गेलं. १९६३ च्या स्टिंग रे या नव्या कॉर्व्हेटसाठी अभियंते झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी पाठीमागचं स्वतंत्र सस्पेन्शन मिळवलं, पण पुढचं पुन्हा कंपनीच्या प्रवासी गाड्यांकडूनच आलं. अभियंत्यांच्या दृष्टीने ही तडजोड. गॅरेजच्या दृष्टीने मात्र ते वरदान ठरलं. सांध्याची जात रस्त्यावरच्या साध्या सेडानचीच असल्यामुळे तो बनवणारे, विकणारे आणि बदलणारे गावोगाव होते. कॉर्व्हेटने पुढच्या बाजूला खास स्वतःचा, अभिजात वगैरे सांधा वापरला असता, तर तिच्या मालकांना आज एकेका जॉइंटसाठी दारोदार फिरावं लागलं असतं.

प्रत्यक्ष काम असं चालतं. गाडी चेसीखाली घोड्यांवर टेकवून जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या जमेल तितका जवळ घ्यायचा. कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, त्यामुळे गाडीच्या त्या कोपऱ्याचा भार खालच्या जॉइंटवर येतो. वरचा नुसता साथीला. जॅक नसताना जॉइंट सोडवला तर दाबलेली स्प्रिंग आर्मला झटक्यात खाली फेकते, आणि मध्ये हात असला तर हात गेला. स्प्लिट पिन काढायची, कॅसल नट सैल करायचा, पण पूर्ण उतरवायचा नाही. जॉइंटचा निमुळता दांडा भोकात इतका आवळून बसलेला असतो की ओढून तो हलत नाही. भोकाच्या बाजूच्या लोखंडावर हातोड्याचे नेमके घाव बसले की टक्कन सुटतो. दोन दात्यांचा फाळ ठोकून सोडवणारेही आहेत. त्यात रबराचा बूट फाटतो, पण जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तर फाटो बापडा. मग राहतात रिबिटं. डोक्याच्या बरोबर मध्यावर पंचने खूण करायची, आधी बारीक बिट, मग जाड, नंतर छिन्नीने डोकं उडवायचं आणि उरलेला दांडा पंचने मागे काढायचा. बिट सरकला की आर्मचं भोक मोठं होतं आणि नवा बोल्ट त्यात घट्ट बसत नाही. नव्या जॉइंटच्या खोक्यात रिबिटं नसतात, नट-बोल्ट असतात. कारखान्याने जे ठोकलं होतं ते कसायला लावणारी ही रीत सुट्या भागांच्या बाजारात रुळली.

यावर कोणी म्हणेल, अमेरिकी गाडी निवडून हवा तो निष्कर्ष काढला. ब्रिटिश गाड्या पाहा. मुद्दा रास्त आहे. जॅग्वार ई-टाइपच्या खालच्या बॉल जॉइंटला टोपी बोल्टने लावलेली असते आणि तिच्याखाली पातळ शिम असतात, केसाच्या जाडीशी स्पर्धा करणाऱ्या. शिम कमी-जास्त करून गोळ्याची पकड जुळवायची. १९५९च्या मिनीतही शिमचीच योजना होती. म्हणजे इथे दुरुस्ती वस्तूतच घडवलेली होती ना? अर्धीच. शिम पकड जुळवण्यासाठी असतात. गोळा एका बाजूने झिजून अंडाकृती झाला असेल, तर शिम काढून तो सरळ दिशेला घट्ट होतो आणि चाक वळवताच अडकतो. ही जाण शिममध्ये नसते, जुळवणाऱ्याच्या बोटांत असते. ट्रायम्फचं उदाहरण याहून बोलकं आहे. हेराल्ड आणि स्पिटफायरच्या पुढच्या चाकाखाली आट्यांचा एक सांधा असतो, ट्रनियन. मद्रासमध्ये बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डलाही तोच होता. त्याला ग्रीस नव्हे, गिअर ऑइल लागतं. घट्ट ग्रीस आट्यांत नीट पोचत नाही, पाणी शिरतं, गंज चढतो, आणि एक दिवस उभा दांडा मोडून चाक आडवं होतं. उघडता येणारा, जपता येणारा सांधा होता. पण कोणती गन कुठे लावायची हे माहीत नसलेल्या हाताखाली तो रिबिटांच्या जॉइंटपेक्षा जास्त धोक्याचा ठरला.

दुसरा आक्षेप जीर्णोद्धार करणाऱ्यांचा. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी १९७४ मध्ये स्थापन झाली. तिच्या परीक्षणात गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसावी ही कसोटी. तिथे बोल्टचं डोकं दिसलं की ती खोट. म्हणून आता पुन्हा रिबिटं मारून देणारे कारागीर आहेत आणि रिबिटासारख्या डोक्याचे बोल्टही विकत मिळतात. या हौसेला मी हसणार नाही; मूळ रूप कुणी जपलंच नाही तर तुलना कशाशी करायची? पण कारखान्याच्या दारातला एक दिवस हाच गाडीचा खरा इतिहास आणि पुढची वर्षं म्हणजे बिघाड, हे मला पटत नाही. रिबीट कारखान्याच्या घाईची साक्ष देतं: झटपट ठोकता येतं, कितपत आवळलंय ते तपासावं लागत नाही, हादऱ्यांनी ढिलं होत नाही. बोल्टची साक्ष वेगळी आहे. ही गाडी एवढी चालली की तिचा सांधा झिजला, आणि तिला भंगारात न घालता कुणीतरी ड्रिल हातात घेतलं. पहिल्या खेपेला दुपार जाते, लोखंडाचा कीस डोळ्यांत जाऊ नये म्हणून चष्मा लावावा लागतो. दुसऱ्यांदा तोच जॉइंट बदलायची वेळ आली, तर आर्मवरून तो उतरवायला एक पाना पुरतो.