शाईची घनता व तिची परीक्षा : हर्टर-ड्रिफील्ड यांचा वारसा

छायाचित्रातील काळा भाग किती काळा, या प्रश्नाला १८९० पूर्वी सामान्य छायाचित्रकाराजवळ नजरेवाचून दुसरे उत्तर नव्हते. त्या वर्षी इंग्लंडातील विडनेस येथे अल्कली-उद्योगात असलेल्या फर्डिनांड हर्टर व व्हेरो ड्रिफील्ड यांनी आपला प्रसिद्ध निबंध मांडला. काच जितका प्रकाश अडविते त्यावरून तिची अपारदर्शकता ठरते व अपारदर्शकतेचा लॉगरिदम म्हणजे घनता, ही व्याख्या त्यांची. आजच्या परिमाणात, दशांश प्रकाश पलीकडे जाऊ देणाऱ्या काचेची घनता १, शतांश जाऊ देणारीची २. ही केवळ गणिती सोय नव्हे. अशी मोजलेली घनता काचेवरील चांदीच्या प्रमाणात वाढते, असे या संशोधकद्वयास आढळले होते. याचा धक्का मोठा होता. छायाचित्रण ही कला होय, हा आपला दावा पी. एच. एमर्सन यांनी मागे घेतला, त्याच्या कारणांत हे संशोधनही होते.

संगणकावरून कृष्णधवल छायाचित्रे छापणारे आज हेच माप वापरतात. तथापि हर्टर-ड्रिफील्ड यांजकडून त्यांना व्याख्या तेवढी मिळाली, प्रमाणाचा नियम मिळाला नाही, असे आमचे मत आहे. आणि शाईची परीक्षा घ्यावी लागते ती यामुळेच.

ही परीक्षा दिसावयास साधी आहे. कोऱ्यापासून पूर्ण शाईपर्यंत चढत जाणाऱ्या, बहुधा २१ चौकोनांची पट्टी छापावयाची व प्रत्येक चौकोनावरून परावर्तित होणारा प्रकाश घनतामापकाने मोजावयाचा. शाई दुप्पट केल्यास घनता दुप्पट व्हावी. पण तसे घडत नाही. खरबरीत, चकाकी नसलेल्या कागदावर घनता १.७ च्या आसपास थबकते. म्हणजे शेकडा २ प्रकाश परत येतोच, कारण तो मुख्यतः पृष्ठभागावरूनच उलटतो. त्यापुढे ओतलेली शाई नुसती पसरते आणि गडद छटा एकमेकींत मिसळून जातात. ही मर्यादा प्रत्येक कागदास व प्रत्येक शाईस निराळी असते.

फिकट टोकाची अडचण वेगळी. तेथे करडेपणा ठिपक्यांनी साधावयाचा असतो. मरे यांच्या १९३६ च्या सूत्राप्रमाणे, १.७ घनतेच्या ठिपक्यांनी निम्मा कागद झाकला तर परावर्तन ०.५१ व घनता सुमारे ०.२९ यावी. प्रत्यक्षात ती अधिक भरते, कारण मोकळ्या जागेतून आत शिरलेला प्रकाश कागदात पसरून ठिपक्यांखाली अडकतो. यूल व नील्सन यांनी १९५१ मध्ये याकरिता एक दुरुस्ती सुचविली, परंतु तिच्यातील अंक प्रयोगानेच ठरवावा लागतो! शिवाय फिकट भागी सुटे काळे ठिपके डोळ्यांस खुपतात ते निराळेच. एप्सनच्या २००५ मधील शाईसंचात काळीबरोबर दोन फिकट काळ्या शाया आल्या, त्या या कामी उपयोगी पडल्या. मात्र तीन शाया म्हणजे तीन स्वतंत्र पट्ट्या, आणि एक शाई जेथे संपून दुसरी सुरू होते त्या सांध्याची चौथी.

मापे शाई पूर्ण वाळल्यावरच घ्यावीत. कोऱ्या कागदाची घनता वजा केली आहे किंवा नाही, याची नोंद प्रत्येक कोष्टकावर असावी. ती नसल्यास दोन ठिकाणच्या मापांची तुलना करता येत नाही.