बाळंतपणानंतर हरवणारा आकडा

गरोदरपणातल्या मधुमेहाबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक बाळापुरतं. बाळ मोठं होईल, सिझर करावं लागेल, जन्मल्यावर बाळाची साखर खाली जाईल. हे सगळं खरंच आहे. पण ज्या आकड्यावरून या आजाराचं निदान सुरू झालं, तो आकडा बाळासाठी ठरवलेलाच नव्हता. तो आईसाठी होता. तालुक्याच्या गावात आरोग्याच्या बातम्या करता करता मी हा इतिहास वाचत गेलो. थोडा लांब आहे, पण तुमच्या-माझ्या घरातला आहे.

१८२३ साली बर्लिनच्या एका रुग्णालयात २२ वर्षांची एक बाई दाखल झाली. पाचवं गरोदरपण. कितीही पाणी प्यायली तरी तहान भागेना. बेनेविट्झ नावाच्या तरुण डॉक्टरने १८२४ मध्ये तिच्यावर प्रबंध लिहिला. लघवीत साखर सापडली होती. बाळ १२ पौंडांचं, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोचं. ते वाचलं नाही. बाळंतपणानंतर बाईची तहान गेली, लघवीतली साखरही गेली. बेनेविट्झने प्रबंधाच्या शीर्षकातच मधुमेहाला गरोदरपणाचं लक्षण म्हटलं. म्हणजे गरोदरपण संपलं, दुखणं संपलं.

जवळपास साठ वर्षांनी, १८८२ मध्ये, लंडनच्या मॅथ्यूज डंकन यांनी अशा अनेक केसेस एकत्र मांडल्या आणि एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. हा मधुमेह बाळंतपणानंतर जातो, पण काही काळाने परत येऊ शकतो. दीडशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य आजही आपल्या कामाचं आहे.

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं आणि मधुमेही बायका जगू लागल्या, आई होऊ लागल्या. पुढे कोपनहेगनच्या पेडरसन यांनी बाळ मोठं का होतं ते समजावलं. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि अंगाने भरतं.

आता मुद्द्याचा आकडा. १९६४ मध्ये बॉस्टनच्या ओसलिव्हन आणि क्लेअर महान यांनी ७५२ गरोदर बायकांना १०० ग्रॅम ग्लुकोज पाजून तीन तासांपर्यंत रक्त तपासलं आणि त्यावरून सीमारेषा आखल्या. रेषा बरोबर की चूक हे कशावरून ठरवलं? बाळाच्या वजनावरून नाही. यातल्या कोणत्या बाईला पुढच्या काही वर्षांत कायमचा मधुमेह होतो, यावरून. म्हणजे गरोदरपण ही आईच्या शरीराची एक परीक्षा आहे आणि तिचा निकाल पुढच्या आयुष्याबद्दल बोलतो, ही त्यामागची कल्पना.

बाळाच्या बाजूने मोठा अभ्यास झाला तो बराच नंतर. ९ देशांतल्या सुमारे २५ हजार बायकांचा 'हापो' अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातलं एकही केंद्र नव्हतं. त्यात दिसलं की साखर जशी वाढते तसा बाळाचा धोका हळूहळू वाढत जातो, मध्ये कुठेही ठळक पायरी नाही. पायरी नाही म्हटल्यावर रेषा माणसांनीच आखायची. २०१० मध्ये तज्ज्ञांनी ती आखली: उपाशीपोटी ९२, एक तासाने १८०, दोन तासांनी १५३.

आपल्याकडे प्रश्न वेगळा होता. वाडीवरून वडापने आलेल्या पोटुशी बाईला 'उद्या उपाशी ये' म्हटलं की ती उद्या येतच नाही. रोज बुडतो, भाडं जातं. चेन्नईच्या डॉ. शेषय्या यांच्या पुढाकाराने आलेल्या पद्धतीत म्हणून उपाशी राहण्याची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, दोन तासांनी एकदाच रक्त घ्यायचं. १४० किंवा वर असेल तर मधुमेह. यात काही बायका निसटतात असा आक्षेप आहे, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तरीही केंद्र सरकारने २०१४ मध्ये आणि नंतर २०१८ मध्ये सूचना काढल्या त्या याच पद्धतीच्या. पहिल्या भेटीत एकदा, २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

'तीन महिन्यांची साखर' सांगणारी एचबीएवनसी का नाही करत, असं बरेच जण विचारतात. गरोदरपणात लाल पेशी लवकर बदलतात, त्यामुळे तो आकडा खाली दिसतो. रक्त कमी असेल तर तो आणखी फसवतो. आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला. ॲडिपोनेक्टिनसारखे नवे निर्देशक पहिल्या तिमाहीतच इशारा देतील का, यावर जगभर संशोधन सुरू आहे. पण रोजच्या तपासणीत आजही ग्लुकोजचं पाणीच आहे.

पण खरी अडचण तपासणीच्या पुढे आहे. ज्या बाईला गरोदरपणात मधुमेह झाला, तिला पुढे टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा निदान सातपट असतो, असं जगभरातल्या अभ्यासांची बेरीज सांगते. म्हणून सरकारी सूचनेतच लिहिलंय की बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासा. माझ्या भागात मी ज्या ज्या बायकांशी बोललो, त्यांच्यातल्या बहुतेकींना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, नंतर सासरी. फाइल एका तालुक्यात, बाई दुसऱ्या. गोळ्या बंद, डॉक्टर म्हणाले नॉर्मल, विषय संपला. १८२४ च्या बर्लिनमध्ये जे झालं तेच.

पुढचं गणित बघा. सरकारची घरोघरची मधुमेह तपासणी तिशीनंतर सुरू होते. तेविसाव्या वर्षी बाळंत झालेली बाई मधली सात वर्षं कुणाच्याच यादीत नसते.

उपाय फार महाग नाही. बाळाचा दीड महिन्याचा डोस सहाव्या आठवड्यातच असतो. आशाताईंची नवजात बाळासाठीची शेवटची घरभेट ४२ व्या दिवशी, म्हणजे तेव्हाच. बाई बाळाला घेऊन केंद्रात येतेच आहे. डोसाच्या दिवशी तिचीही तपासणी करा, आणि तिच्या कार्डावर लाल शाईने लिहा: दरवर्षी साखर.

ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर आपल्यापैकी कुणी ना कुणी असतंच. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: गेल्या वर्षी गरोदरपणात मधुमेह निघालेल्या किती जणी होत्या, आणि सहा आठवड्यांनी त्यातल्या किती जणींची साखर तपासली? दोनच आकडे मागा. आणि घरात बहीण, सून, वहिनी अशी कुणी असेल, तर समितीची वाट बघू नका. तिला या आठवड्यात घेऊन जा.