दगड कुठे थांबेल?

बीडहून चौसाळ्याला जाताना मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटावर यावे लागते. हा सारा मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा. एखादा थर कठीण, पण उभ्या भेगांचा. त्याखालचा सच्छिद्र किंवा लालसर, ठिसूळ. ठिसूळ थर आधी झिजतो, वरचा अधांतरी राहतो, भेगांत पाणी शिरते आणि ठोकळा सुटतो. सह्याद्रीतही खडक हाच. मात्र तिथे कडे उंच आणि पाऊस कितीतरी जास्त.

२२ जून २००३ च्या रात्री कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीला गाडी धडकली. पन्नासहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, १६ जूनला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसही अशीच घसरली.

कोणता दगड कधी सुटेल, हे आजही नेमके सांगता येत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या महामार्ग खात्यातले आर्थर रिची यांनी म्हणून वेगळाच प्रश्न विचारला: सुटलेला दगड थांबेल कुठे? त्यांनी उतारांवरून दगड सोडून त्यांचे चित्रण केले. १९६३ मध्ये त्यांनी मांडले, की साधारण ७५ अंशांहून उभ्या कड्यावरून दगड सरळ हवेतून येतो, ४५ ते ७५ अंशांत उसळ्या घेतो आणि त्याहून कमी उतारावर गडगडतो. सरळ पडणारा बहुधा पायथ्याशीच आपटतो. उसळणारा लांब जातो. थोडक्यात, छाती दडपणारा कडाच रस्त्याला सर्वांत घातक असतो असे नाही! पायथ्याशी चर किती रुंद आणि किती खोल हवा, हे रिचींनी उतार व उंचीवरून ठरवून दिले.

पुढे ओरेगॉन राज्यात उतारांना गुण देण्याची पद्धत निघाली. उंची, चराची उपयुक्तता, भेगांची दिशा, पाणी, वाहनांची वर्दळ अशा प्रत्येक बाबीला ३, ९, २७ किंवा ८१ गुण. पायरी तिपटीची असल्यामुळे खरोखर धोकादायक उतार यादीत चटकन वर येतात. (वर्गात घातश्रेणी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.) यातली एक बाब म्हणजे पूर्वी पडलेल्या दगडांचा इतिहास. तो यंत्रातून मिळत नाही. गस्तवाल्याच्या, मैलकुलीच्या नोंदवहीतून मिळतो.

उपाय खर्चाचे असतात. सप्तशृंगगडावर नैसर्गिक कड्याखाली देवीचे देऊळ आहे. तो कडा काही कापून काढता येत नाही, म्हणून तिथे पोलादी जाळ्यांचे अडसर आहेत. कोकण रेल्वेने उतार सौम्य केले, जाळ्या ठोकल्या, गस्त वाढवली. शिवाय पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवला जातो, म्हणजे दरड दिसल्यावर चालकाला गाडी थांबवायला अंतर उरते. त्या महिन्यांचे वेळापत्रकच तिथे वेगळे छापतात.