चांद्र तारीख, मृगाचं वर्ष

ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते. मला तो कॅलेंडरमधला बग वाटायचा, पण तो ठरवून घेतलेला निर्णय आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात महिने पुढे ढकलायची 'नसी' नावाची प्रथा होती. बरेच अभ्यासक तिला आपल्या अधिक महिन्याचीच बहीण मानतात. कुराणाच्या नवव्या अध्यायात तिला मनाई झाली. वर्ष १२ चांद्रमासांचं, सुमारे ३५४ दिवसांचं राहिलं.

रोजाला हे चालतं, शेतसाऱ्याला नाही. पीक सूर्याचं ऐकतं. म्हणून दख्खनेत शुहूर सन रुजला: आकडे अरबी (इहिदे, इसन्ने, सलास), पण नवं वर्ष सूर्य मृगात शिरला की. पेशव्यांच्या कागदांवर महिना आणि तारीख मात्र चांद्रच. तारखा बदलणारा कोड लिहिताना माझा आठवडा यातच गेला.